तिसऱ्यांदा घासलेली रिम

१२ जानेवारी

सायकलची फ्रेम आली. खोक्यातून काढून कामाच्या टेबलावर ठेवली आणि कितीतरी वेळ नुसती बघत बसले. नवऱ्याने विचारलं, "लग्नात माझ्याकडे तरी इतकं पाहिलं होतंस का?" मी म्हटलं, "तू इतका हलका नव्हतास."

रोजनिशी लिहिणं माझ्या पिंडात नाही. पण सायकल मुळापासून बांधायची म्हणजे कुठला भाग कधी बसवला, कधी काढला आणि का काढला हे लक्षात राहत नाही, आणि मग आमची भांडणं होतात. भांडणात मी नेहमी जिंकते. दर वेळी बरोबर असतेच असं मात्र नाही. म्हणून लिहून ठेवायचं ठरवलं.

सायकलदुरुस्तीचं दुकान माझं, बाबांकडून आलेलं. खाली दुकान, वर आम्ही तिघं: मी, हा आणि सासूबाई. हा दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि उरलेल्या वेळात दगडांवर उड्या मारतो. ट्रायल्सची सायकल म्हणजे बिनसिटाची सायकल. बसायचंच नसतं. उभं राहून दोन्ही ब्रेक आवळायचे, सायकल जागच्या जागी खिळवायची, मग मागच्या चाकावर उसळी घेऊन दगडावर, दगडावरून पिंपावर, पिंपावरून भिंतीवर. पाय जमिनीला टेकला की एक दंड. ज्याला दंड कमी तो जिंकला. गेल्या वर्षी पस्तिशीच्या पुढच्या गटात हा एका पायाने हरला. एप्रिलमध्ये पुन्हा स्पर्धा आहे. अडतीस वर्षांचा बाप्या, अजून किती वर्षं उड्या मारणार? म्हणून या खेपेला सायकल माझ्या हातची, पहिल्या आऱ्यापासून शेवटच्या नटापर्यंत.

मागे डिस्क ब्रेक घ्यायचा की रिमला धरणारा, यावर बोलणं झालं. डिस्क ओलाव्यात बरी, पण चाक किंचित मागेपुढे डुलतं. तेलाच्या दाबावर रिमला चावणारा ब्रेक एकदा चावला की चावला. मी म्हटलं, रिमवालाच. त्याने वाद घातला नाही. हल्ली घालत नाही. मला वाद घालायला दुसरं माणूस शोधावं लागणार.

१९ जानेवारी

आज फ्रीव्हील. साध्या सायकलला ते मागच्या चाकावर असतं, ट्रायल्सच्या सायकलला पुढे क्रँकवर, पायडलांच्या दांड्यापाशी. आत छोट्या खिट्ट्या असतात, स्प्रिंगवर बसलेल्या, आम्ही त्यांना कुत्रे म्हणतो. ते दात्यांत अडकतात म्हणून चाक ओढलं जातं. दाते जितके जास्त तितकं पायडल मोकळं फिरणं कमी, पाय दाबला की सायकल लगेच उडी घेते. सगळ्यांत जास्त दात्यांचं घेतलं. नवं असूनही उघडलं, कारखान्याने भरलेलं घट्ट वंगण पुसून काढलं. घट्ट वंगणात कुत्रे चिकटून बसतात आणि ऐन उडीत पायडल रिकामं फिरतं, मग माणूस हनुवटीवर. पातळ तेल घातलं, तेही थेंबभर. बाबा म्हणायचे, कुत्रा भुकेला ठेव, म्हणजे नीट चावतो.

चेन जोडायचं काम त्याने मागून घेतलं. पिन हातातून पडली. उचलली, पुन्हा पडली. मग टेबलाखाली गेली, तेव्हा मीच पालथी पडून शोधली आणि मीच बसवली. म्हटलं, "पाट्या रंगवून रंगवून डोळे गेले वाटतं तुझे." तो म्हणाला, "चष्मा लागला असेल." बारीक अक्षरांची कामंही तो हल्ली दुसऱ्या रंगाऱ्याकडे पाठवतो. विचारलं तर म्हणतो, जाड अक्षरांची फॅशन आली आहे. डोळे तपासून घे म्हणून सांगितलंय. ऐकेल तर शपथ.

२ फेब्रुवारी

चाकं आऱ्यांनी विणून झाली, फिरताना डुलू नयेत म्हणून आउट काढून झालं. आज रिम घासली.

नवी गुळगुळीत रिम ट्रायल्सला कुचकामाची. तिच्या दोन्ही कडांना ग्राइंडरने तिरके ओरखडे काढावे लागतात, म्हणजे ब्रेकचे पॅड घसरत नाहीत. चाक फिरतं ठेवायचं, हात हलका, कुठेही रेंगाळायचं नाही. रेंगाळलं की तिथे खड्डा. घासलं की धातू कमी होतो, म्हणून आधी आणि नंतर कडेची जाडी मापायची. मापली. भरपूर आहे. दुकानभर चंदेरी भुकटी झाली. सासूबाई वरून ओरडल्या, "काय कापतेस गं?" मी म्हटलं, "तुमच्या मुलाला धार लावतेय."

संध्याकाळी बंद गोदामाच्या मागे पहिली फेरी. तिथला माल उतरवायचा ओटा कमरेएवढा आहे. गेल्या वर्षी हा त्यावर बोलता बोलता चढायचा. आज पुढचं चाक वर गेलं, मागचं ओट्याच्या काठावर टेकलं, आणि घसरून खाली आलं. दोनदा, तीनदा.

"मागचा ब्रेक धरत नाही," तो म्हणाला.

मी एका बोटाने दाबून पाहिला. चाक टस की मस झालं नाही. "वर उभं राहिल्यावर वेगळं लागतं," तो म्हणाला. ते खरंच आहे. वजन आल्यावर ब्रेकचं खरं रूप कळतं. पॅड बदलून बघू.

६ फेब्रुवारी

पॅड बदलले. आधीचे कडक होते, आता मऊ घातले. मऊ पॅड झिजतात लवकर पण चावतात जोरात. दाबला तर ब्रेक असा किंचाळला की गोदामावरची कबुतरं उडाली. मला तो आवाज फार आवडतो.

तरी तो म्हणाला, "धरत नाही."

मी म्हटलं, "नाचता येईना, अंगण वाकडं."

मला वाटलं होतं उलटून काहीतरी बोलेल. आमचं तसंच चालतं, मी एक टोमणा मारायचा, त्याने दोन. तो उजवा हात खिशात घालून उभा राहिला. मग म्हणाला, "बघ ना एकदा नीट, मिस्त्री." मिस्त्री म्हटलं की मी विरघळते हे त्याला लग्नाच्या आधीपासून माहीत आहे.

१४ फेब्रुवारी

आठवडाभर ब्रेकच्या मागे आहे. नळीतलं तेल पूर्ण काढून नवं भरलं, दोन्ही टोकांना पिचकाऱ्या लावून एकेक बुडबुडा बाहेर काढला. लिव्हर हँडलच्या जवळ आणली. रिम दुसऱ्यांदा घासली, जरा जास्त खोल. जाडी मापली, अजून चालेल.

आज गोदामामागे बघितलं, हा ब्रेकवर दोन बोटं ठेवतोय. ट्रायल्सचा पहिला धडाच हा, की ब्रेकवर एकच बोट, बाकीची हँडलला घट्ट. दोन बोटं ब्रेकवर गेली की हँडलवरची पकड सुटते. नवशिक्यांच्या बोटांवर हा फटके मारायचा यासाठी. मी ओरडले, "दोन बोटं? लाज आहे का?" तो म्हणाला, "एकाने धरत नाही म्हणून." म्हणजे पुन्हा माझाच ब्रेक! घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोलले नाही. बारा वर्षांत माझ्या कामाला कुणी नाव ठेवलं नाही, आणि ठेवलं ते घरच्याच माणसाने.

वर सासूबाई त्याच्या शर्टाची बटणं लावून देत होत्या. अडतीस वर्षांच्या मुलाची! मी म्हटलं, "आई, लाडावून ठेवलंत तुम्हीच." त्या हसल्या नाहीत. नंतर स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या, "याच्या वडिलांचंही असंच झालं होतं. आधी बटणं, मग चमचा."

"वय झालं असेल त्यांचं."

"चाळिशीसुद्धा नव्हती गं."

सासऱ्यांना मी पाहिलेलंच नाही. अशक्तपणाने गेले एवढंच या घरात बोलतात. सासूबाईंना मांजर शिंकलं तरी सासरे आठवतात. मी विषय बदलला.

२२ फेब्रुवारी

आज बेडूक आला होता. नवऱ्याचा जुना जोडीदार आणि जुना शत्रू, गेल्या वर्षी त्यानेच याला एका पायाने हरवलं. बुटका, मांड्या मोठ्या, बसल्या जागेवरून उडतो, म्हणून बेडूक. मला म्हणाला, "वहिनी, बघू तरी तुमची नवी लेक."

मी सायकल दिली. खरं सांगायचं तर मला साक्षीदार हवा होता. म्हटलं, मागचा ब्रेक जरा सांभाळून, धरत नाही म्हणतात.

तो ओट्याकडे गेला, एक बोट लावलं, आणि मागचं चाक असं जागच्या जागी गोठलं की बेडूक हँडलवरून पुढे लोंबकळला. पडता पडता वाचला. हसायलाच लागला. "धरत नाही? वहिनी, हा ब्रेक आहे की मगर? अहो, रोग रेड्याला आणि औषध पखालीला चाललंय तुमचं. यालाच जरा खाऊपिऊ घाला." मग त्याने याच्याकडे पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. "काय रे, हात दुखतोय का?" हा म्हणाला, "नाही रे. थंडीने आखडतो." बेडूक चहा न घेताच गेला. एरवी दोन कप घेतल्याशिवाय उठत नाही.

मला राग आला. एकतर माझा ब्रेक चांगला, नाहीतर वाईट. दोन्ही कसा असेल? भांडी घासताना उलगडलं. बेडूक आला दुपारी, उन्हात, कोरड्या रिमवर. हा सराव करतो सकाळी नाहीतर संध्याकाळी उशिरा, दव पडलेलं असताना. घासलेल्या रिमवर ओलावा बसला की ओरखडे भरतात आणि पॅड घसरतात. एवढी साधी गोष्ट मला तीन आठवडे सुचू नये! ओरखडे आणखी खोल हवेत, म्हणजे पाणी निघून जाईल.

त्याला सांगितलं. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "असं असू शकेल?"

"असंच आहे," मी म्हटलं.

त्याच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तरतरी दिसली. "मग घास," म्हणाला.

२३ फेब्रुवारी

रिम तिसऱ्यांदा घासली. चांगली खोल. गिऱ्हाईक दारात उभं होतं, आणि कारण सापडल्याच्या आनंदात मी होते, जाडी मापायची राहिली. ओरखडे देखणे आलेत.

१ मार्च

रिम फुटली. तो पडला. हात मोडला. नंतर लिहीन.

५ मार्च

आता लिहिते.

गोदामाच्या कोपऱ्यावरची भिंत, ओट्याहून उंच. तो वर पोचला होता. मागच्या चाकावर तोल धरून उभा होता, ब्रेक दोन बोटांनी आवळलेला. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. रिमची कड उसवून लोंबकळली, टायर फुटला, आणि तो उजव्या हातावर खाली आला. मनगट दोन ठिकाणी मोडलं आहे.

काल ती रिम आणून मापली. ग्राइंडरने मी तिचा पत्र्याचा डबा करून ठेवला होता. अंगठ्याने दाबलं तर कड वाकली. मीच केलं हे. दुसरं कुणी नाही. कुणी शिकाऊ पोराने असं केलं असतं तर मी त्याला दुकानातून हाकललं असतं.

रुग्णालयात हाडाचे डॉक्टर चांगले होते. पण त्यांनी आणखी एकाला बोलावलं, तो छोटा हातोडा घेऊन आला आणि याच्या गुडघ्यावर ठोकायला लागला. मी म्हटलं, "डॉक्टर, मोडलंय मनगट." तो म्हणाला, "हो हो," आणि याला जीभ बाहेर काढायला सांगितली. पडला हातावर, तपासतात जीभ! मग हा मला म्हणाला, "खाली चहा मिळतो का बघ ना." रुग्णालयातला चहा हा तोंडाला लावत नाही. तरी गेले. परत आले तर डॉक्टर निघून गेले होते आणि हा खिडकीकडे तोंड करून पडला होता. चहा तसाच थंड झाला.

मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "रिमा फुटतात गं." एवढंच.

२४ मार्च

प्लास्टर आहे अजून. स्पर्धा हुकली हे दोघांनाही कळलंय.

मी त्याला म्हटलं, हाड भरून आलं की नव्या रिमवर सायकल उभी करते, जाड रिम, दुहेरी भिंतीची, वजन गेलं खड्ड्यात. पुढच्या वर्षी बघू. तो म्हणाला, "हो. जाडच घे." मग हळूच विचारलं, "तुला वाटतं ना, हात भरून येईल?" मी म्हटलं, "हाड आहे, न भरून जाईल कुठे?" तो माझ्या डोक्यावरून हात फिरवत बसला, डावा. इतका मायाळू तो कधीच नव्हता. त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मला झोप लागली असती.

१९ एप्रिल

प्लास्टर काढलं. मी हात पाहिला. नुसती काठी. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधलं मांस गेलंय, तिथे खळगा पडला आहे. डॉक्टर म्हणाले, हाड छान जुळलंय. मी म्हटलं, मग हात असा का? त्यांनी याच्याकडे पाहिलं. हा म्हणाला, "प्लास्टरमध्ये राहून बारीक होतो, व्यायामाने येईल." डॉक्टर कागदावर लिहीत राहिले.

दाबायला रबरी चेंडू आणला. तो दाबतो, चेंडू दबत नाही. मी समोर बसून बघते. बघवत नाही तरी बघते, कारण मीच केलंय.

स्पर्धा बेडकाने जिंकली म्हणे. सांगायला आला नाही.

११ मे

एक युक्ती केली. मागचा ब्रेक डाव्या हाताला घेतला, पुढचा उजव्याला. कित्येक जण तसा ठेवतात. उजवा येईपर्यंत डाव्याने मागचं चाक धरायचं. नुसतं दुकानात उभ्या सायकलवर सराव कर म्हटलं, भिंतीला टेकून. त्याने केला, माझ्या समाधानासाठी. थोड्या वेळाने म्हणाला, "दमलो."

डाव्या हातातून सकाळी कप पडला. सगळा भार त्याच हातावर, तो तरी किती सोसणार? दुपारी तो आडवा झाला होता तेव्हा पाहिलं, डाव्या दंडाचं मांस कातडीखाली आपोआप उडत होतं, आत मुंग्या चालल्यासारखं. अतिश्रम. मी पांघरूण घातलं.

सासूबाई आता माझ्याशी कमी बोलतात. मला वाटतं त्यांनी मनात मला दोषी धरलंय. धरू देत. काल भाजी निवडता निवडता रडत होत्या, मी गेल्यावर डोळे पुसले. मी त्यांच्या पायाशी बसले आणि म्हटलं, "आई, माझ्या हातून झालं." त्यांनी माझं तोंड दाबून धरलं. "असं बोलू नकोस, तुला माझी शपथ," म्हणाल्या. चांगल्या आहेत म्हणून तसं म्हणतात.

३ जून

आज एका बाईंची सायकल परत केली. पुढचा ब्रेक बसवायचा होता, दहा मिनिटांचं काम. बसवला, काढला, पुन्हा बसवला, पुन्हा काढला. त्यांचं लहान पोर मागच्या कॅरियरवर बसणार होतं. मला माझ्या हाताची खात्री देता येईना. म्हटलं, पलीकडच्या रस्त्यावर एक दुकान आहे, तिथे न्या. बाई म्हणाल्या, "अहो, तुमच्याच दुकानाचं नाव ऐकून आले."

ग्राइंडर गोणपाटात बांधून माळ्यावर टाकला. त्याचा आवाज नुसता मनात आला तरी मला मळमळतं. महिनाभरात ब्रेकचं एकही काम घेतलेलं नाही. ब्रेकची कामं न घेणारी सायकल मिस्त्री म्हणजे सुरी न धरणारा न्हावी.

१७ जून

दुकान विकायचं ठरवलं. सकाळी त्याला सांगितलं. मी म्हटलं, पाटी तूच रंगव, "दुकान विकणे आहे", जाड अक्षरात, तेवढाच हाताला व्यायाम. पत्रा दिला, काळ्या रंगाचा डबा उघडून दिला, आणि सुटे भाग खोक्यांत भरायला लागले.

मागे ब्रश पडल्याचा आवाज आला. वळून पाहिलं तर तो दोन्ही हातांनी ब्रश उचलायचा प्रयत्न करत होता. दोन्ही हातांनी. पत्र्यावर नुसता एक वाकडा फराटा होता. मी धावले. म्हटलं, राहू दे, राहू दे, मीच मेली मूर्ख, सवय मोडली तुझी, सगळं माझ्यामुळे.

"बस," तो म्हणाला.

मी बसले नाही.

"अगं, बस. दुकान विकायचं नाही. माझा हात रिममुळे गेलेला नाही."

मी म्हटलं, माझी समजूत घालू नकोस.

"समजूत आत्तापर्यंत घातली," तो म्हणाला. "हाड एप्रिलमध्येच जुळलं. हात त्याच्या कितीतरी आधीपासून चालला होता. फ्रेम यायच्या आधीपासून. पाटीवरची बारीक रेघ ओढता येईना तेव्हाच मला कळलं. बाबांचा असाच गेला. मी तेव्हा शाळेत होतो, त्यांना मी भरवायचो. आधी उजवा हात, मग डावा. मग पाय. मग गिळणं." त्याने पाट्यांच्या कामाचं सांगावं तसं सांगितलं. "रुग्णालयातल्या त्या हातोडीवाल्याला मीच म्हटलं, हिला इतक्यात सांगू नका."

"औषध?"

"नाही."

"दुसरा डॉक्टर?"

"दोन झाले. तू दुकानात असताना बेडूक घेऊन गेला होता. आईलाही माहीत आहे."

म्हणजे घरात, घराबाहेर सगळ्यांना माहीत होतं, आणि मी तेवढी चेंडू घेऊन बसले होते. मी विचारलं, मग फेब्रुवारीभर ब्रेकच्या मागे का लावलंस? पॅड, तेल, लिव्हर, रिम, सगळं का करून घेतलंस माझ्याकडून?

तो काळ्या फराट्याकडे बघत होता. "तू दर वेळी इतक्या खात्रीने सांगायचीस," तो म्हणाला. "हे पॅडमुळे, हे हवेच्या बुडबुड्यामुळे, हे दवामुळे. दोन दोन दिवस माझा विश्वास बसायचा. ब्रेकच असेल तर किती बरं, असं मलाही वाटायचं गं."

"आणि पडल्यावर? तेव्हा तरी सांगायचं."

"तुला वाटत होतं, हाड आहे, भरून येईल. घरात एका तरी माणसाला तसं वाटत होतं. ते मला ऐकायला बरं वाटायचं. पण त्यापायी तू स्वतःला अशी खायला लागशील हे ध्यानात आलं नाही. आता दुकान विकायला निघालीस, तेव्हा बोलणं भाग पडलं." मग पुन्हा म्हणाला, अगदी हळू, लहान मुलाला सांगावं तसं, "रिम तुझ्यामुळे फुटली. हात तुझ्यामुळे गेला नाही. तुझा काही दोष नाही."

साडेतीन महिने मी हे वाक्य कुणीतरी म्हणावं म्हणून तळमळत होते. आज ते त्याने म्हटलं आणि मी त्याच्या अंगावर धावून गेले. म्हटलं, खोटं बोलतोस, रिममुळेच झालं, मी मापली नव्हती, मी घाई केली, पडलास म्हणून नस दुखावली, दुसरं काही नाही. तो नाही नाही म्हणत राहिला. मी ऐकेना. आयुष्यात इतक्या जोरात मी त्याच्याशी कधी भांडले नाही. वरून सासूबाई खाली आल्या आणि जिन्यात उभ्या राहिल्या. मी त्यांनाही सांगितलं, आई, माझ्या हातूनच झालंय, तुम्ही तरी म्हणा. त्या कठडा धरून पायरीवर बसल्या.

शेवटी माझा आवाज बसला. त्याने मला जवळ घ्यायला हात उचलले, ते खांद्यापर्यंत आले नाहीत, म्हणून मीच त्याच्याजवळ सरकले.

माझी चूक असती तर बरं झालं असतं. माझी चूक मला दुरुस्त करता येते.